पोर्तुगीजमध्ये वाट विचारणे : एक परीक्षण

परीक्षण लिहायचं तर आधी पुस्तक वाचलं पाहिजे, अशी एक जुनी समजूत आहे. मी एक पाऊल पुढे गेलो. पुस्तक वापरूनच पाहिलं.

सोलापुरात फूटपाथवर रद्दीच्या ढिगात ते मिळालं. प्रवाशांसाठी पोर्तुगीज संभाषण, किंमत दहा रुपये. आम्ही गोव्याला निघालो होतो. "गोव्यात मराठी चालतं," सौभाग्यवती म्हणाली. "ते सगळेच चालवतात," मी म्हटलं.

आधी गुण सांगतो. भाषा अगदीच परकी नाही, हे वाचता वाचता कळतं. बटाटा, पाव, चावी, बादली ही मंडळी तिकडचीच. एवढंच काय, ज्याच्यावर आमचं घर चालतं तो पगार आणि ज्याने कर्जदाराचं घर जातं तो लिलाव, हेही तिकडचेच. म्हणजे इतकी वर्षं काउंटरवर बसून मी पोर्तुगीजच बोलत होतो! शिवाय पुस्तक धोके सांगतं. दारावरच्या ज्या शब्दाचा उच्चार 'पुश' होतो, त्याचा अर्थ 'ओढा'. 'दिरैता' म्हणजे उजवीकडे, पण 'दिरैतु' म्हणजे सरळ. एका मात्रेच्या चुकीने माणूस मांडवीत जायचा.

आता दोष. दोष एकच, पण मोठा. प्रश्न चाळीस पानं आहेत : पर्यटन कार्यालय कुठे आहे, नकाशा मिळेल का, चालत जाता येईल का. उत्तरं मात्र चार : उजवीकडे, डावीकडे, सरळ, जवळच. लेखक सोलापुरात आलेला नसावा. आमच्याकडे मराठीत पत्ता विचारा, एकजण कानडीत सुरुवात करतो, दुसरा ते तेलुगूत खोडून काढतो आणि तिसरा "बसा मागं, मी तिकडंच चाललोय" म्हणून गाडीवर घेतो. व्याकरण कुठेच नसतं, पण माणूस बाळीवेशीला पोचतो.

पणजीला फोंतेन्हासमध्ये या दोषाचा अनुभव आला. तिथे रस्त्यांना अजून पोर्तुगीज नावं आहेत. एकाचं नाव '३१ जानेवारी'. ३१ मार्च असतं तर बँकवाल्याला जास्त आपुलकी वाटली असती. एका घराच्या गॅलरीत ऐंशी उलटलेले गृहस्थ बसले होते. मी घसा साफ केला. "बोआ तार्द. ओंद फीका आ कापेला?" म्हणजे, नमस्कार, कपेल कुठे आहे?

गृहस्थ कठड्याला धरून उठून उभे राहिले आणि बोलू लागले. चांगली पाच मिनिटं. त्यात उजवीकडे आलं, लिस्बन आलं, बहुधा कुणाचं तरी लग्नही येऊन गेलं. ओळखीचा शब्द आला की मी मान हलवत होतो. 'मला कळत नाही' हे वाक्य पुस्तकात पहिल्याच पानावर आहे, मला पाठही होतं. सौभाग्यवती कोपराने ढोसत होती. तरी तोंडातून निघेना. १९६१ साली पोर्तुगीज राज्य गेलं ते उत्तम झालं. पण शाळेत शिकलेली भाषा काही माणसाला बोटीत बसवून परत पाठवता येत नाही. ती त्याच्याबरोबरच म्हातारी होते, आणि एक दिवस बोलायला समोर कुणी उरत नाही.

शेवटी मी "ओब्रिगादु" म्हटलं. सौभाग्यवतीनेही म्हटलं.

"बाईने 'ओब्रिगादा' म्हणायचं," गृहस्थ स्वच्छ मराठीत म्हणाले. "आणि कपेल ते काय, तुमच्या पाठीमागेच."

"मग मराठीत आधीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मराठीत कुठे विचारलंत?" ते हसले. जरा थांबून म्हणाले, "उद्या असाल तर पोस्ट कुठे आहे ते विचारा."

तात्पर्य, पुस्तक संग्रही ठेवण्याजोगं आहे. पुढच्या आवृत्तीत उत्तरांसाठी काही पानं कोरी सोडावीत, एवढीच सूचना.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्ट विचारायला गेलो. पाठवायचं काही नव्हतं.