‘स्थिरांक’ नावाची अस्थिर राशी

गॅब्रिएल व सहकाऱ्यांच्या १९९६ सालच्या तीन निबंधांत ऊतकांचे विद्युत्-अपारक गुणधर्म १० हर्ट्‌झपासून २० गिगॅहर्ट्‌झपर्यंत अभ्यासिलेले आहेत. २.४५ गिगॅहर्ट्‌झला स्नायूची सापेक्ष अपार्यता सुमारे ५३, तर मेदाची अवघी ५ भरते. हा भेद मुख्यत्वे पाण्याचा होय. अशी कंप्रतेसरशी बदलणारी राशी ‘स्थिरांक’ म्हणवून घेते, हे भाषेच्या अभ्यासकाला खटकणारच. परंतु खरा आक्षेप निराळा आहे. मापने बहुतांशी देहापासून वेगळ्या केलेल्या ऊतकांवर झाली. ते आकडे जिवंत देहाला लावताना, विशेषतः खालच्या कंप्रतांना, सावधगिरी हवी. सूक्ष्मतरंगांच्या पट्ट्यात ही उणीव सौम्य ठरते. तथापि नमुना वाळला, किंवा समाक्ष शलाकेच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला, की तेथेही अंक घसरतो.