श्रद्धा वगळून वाचलेले टिळक

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती लेखकांना मानाची जागा आहे. त्यांच्या श्रद्धेला मात्र नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आपण आद्य कादंबऱ्यांत मोजतो, विधवांच्या दुःखाचे चित्रण म्हणून गौरवतो आणि नायिका शेवटी ख्रिस्ती होते हे ओझरते सांगतो. ना. वा. टिळक ‘फुलामुलांचे कवी’ ठरले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ची (१९३४ पासून प्रकाशित) थोरवी विनोदात आणि घरगुती भाषेत शोधली गेली. हे गुण खरेच आहेत. पण ज्यासाठी या माणसांनी घरदार आणि जात पणाला लावली, ते टीकाकाराने बाजूला का ठेवावे?

हा प्रश्न मला कारंज्यात राहून अधिक जाणवतो. श्रीनृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. गुरुमंदिरात ‘गुरुचरित्रा’चे पारायण होते ते सोवळे पाळून, फळाची खात्री बाळगून. याच गावच्या जैन भांडारांतली हस्तलिखिते डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केली. ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली छापून आले. अभ्यासकाला ती अपभ्रंश भाषेची साधने, श्रावकाला धर्मवचन. दोन्ही वाचने योग्यच. पण पहिल्याने दुसरे नाहीसे होत नाही. टिळकांच्या बाबतीत आपण ते नाहीसे केले आहे.

ख्रिस्ती धर्माच्या समर्थनाची मराठीतली जुनी रीत खंडनमंडनाची. मुंबईत १८३१ साली जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद गाजला. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी भिडले. दोन्ही पक्षांनी पुराव्याची, तर्काची भाषा वापरली. या वादांनी धर्म ही उघड्यावर तपासण्याची गोष्ट ठरवली, हे त्यांचे मोठे काम. पण आज ते ग्रंथ अभ्यासकांखेरीज कोण उघडतो? प्रतिपक्षाला बोलू द्यायचे ते खोडण्यापुरतेच, ही या रीतीची मर्यादा. ‘यमुनापर्यटना’तही ती आहे. विधवांच्या हकिगती अंगावर येतात, पण यमुनेचे मन आधीच ठरलेले असते. तिला शंका घ्यायला लेखक सवड देत नाही.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी वादाऐवजी अभंग धरला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची धारणा होती. ‘अभंगांजली’ला आक्षेप दोन्हीकडून येऊ शकतो. एक म्हणेल, हे वारकऱ्यांच्या छंदाचे आमिष. दुसरा म्हणेल, छंद चांगला, आशय सोडून द्या. पहिल्याला उत्तर टिळकांच्या आयुष्यात आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. आमिष लावणारा माणूस आपल्याच संस्थेच्या परकेपणावर असे बोट ठेवत नाही. दुसऱ्याला मी एवढेच विचारीन: तुकोबांचा विठ्ठल काढून उरलेल्या अभंगाला आपण अभंग म्हणू का?

तरीही संशयी वाचकापुढे टिकेल अशी साक्ष टिळकांची नव्हे, लक्ष्मीबाईंची आहे, असे माझे मत आहे. कारण ती विरोधी साक्षीदाराची साक्ष आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या उद्ध्वस्त झाल्या, काही वर्षे वेगळ्या राहिल्या. टिळकांचा संताप, पैशाबाबतचा बेफिकीरपणा, कुणालाही घरी आणून ठेवण्याची हौस यांतले काही त्या झाकत नाहीत. त्यांचे स्वतःचे सोवळे सुटते ते कुणाच्या प्रवचनाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्या स्वतःलाच घालतात आणि उत्तर मिळाल्यावर तसे वागू लागतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा. ‘यमुनापर्यटना’त जी सवड नाही, ती इथे भरपूर आहे. नकार, भीती, चेष्टा, रुसवे हे सगळे पुस्तकात राहू दिले आहे. म्हणून शेवटचा होकार विकत घेतलेला वाटत नाही.

इथेच विनोदाचा अर्थही बदलतो. आपण तो श्रद्धेपासून सोडवून घेतलेला गुण मानतो. मला तो त्या श्रद्धेचाच भाग वाटतो: आपल्या सोवळ्याला हसता आले म्हणून ते सोडता आले, आणि नव्या धर्मात गेल्यावरही नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवावे लागले नाही.

मी ख्रिस्ती नाही. लक्ष्मीबाईंचा निष्कर्ष माझा नाही. पण श्रद्धा मान्य नसणे वेगळे आणि ती न वाचणे वेगळे. आपली समीक्षा दुसरे करून पहिल्याचे श्रेय घेते. धर्मांतर हा शब्द ऐकताच आवाज चढण्याच्या आजच्या काळात, एका घरात ते कसे घडले, कुणाला काय सोसावे लागले, याचा इतका प्रामाणिक जबाब मराठीत आहे. तो नुसता गमतीदार म्हणून वाचून मिटून ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.