‘शाळा’ कादंबरीतील संबोधने : घर, सोबती आणि वर्ग

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केली. आणीबाणीच्या काळातील नववीचे एक वर्ष हा तिचा विषय, आणि मुकुंद जोशी हा विद्यार्थी तिचा निवेदक. कुमारवयातील प्रेमाची कथा म्हणून तिचा पुष्कळ गौरव झाला. तथापि तिचे खरे सामर्थ्य कथानकात नसून, घर आणि सोबती या दोन सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या मुलाच्या भाषेत आहे.

संबोधनांचाच विचार करावा. हजेरीपटावरील आडनाव हे शाळेच्या शिस्तीचे अपत्य होय. मुलामुलींनी एकमेकांस नावाने हाक मारणे ही सलगी. आडनाव ती टाळते. निवेदकापाशी आवडत्या मुलीसाठी ‘शिरोडकर’ हाच शब्द आहे. अंतर राखण्यासाठी योजलेला हा कोरडा शब्द पुनरुक्तीने इतका जिव्हाळ्याचा होतो, की तिच्या पाळण्यातल्या नावाची वाचकास उणीव भासत नाही. उलट ‘सुऱ्या’, ‘फावड्या’ या टोळीतील नावांत घरची ऐपत आणि वर्गातील क्रमांक तेवढ्यापुरते गळून पडतात. ‘लाइन’ हा शब्दही याच बोलीतला. घरच्या मराठीत ज्या भावनेस ‘थेरं’ यापलीकडे नाव नसते, तिला सोबती नाव देतात. आणि नाव मिळाल्यावरच ती बोलता येते.

घर येथे खलनायक नाही, हा लेखकाचा संयम विशेष होय. अभ्यास आणि पुढे उभी असलेली दहावी, एवढीच त्याची मागणी. परंतु हीच मागणी अखेर टोळीवर मात करते. प्रकरण अंगाशी येते, पालकांना पाचारण होते, वर्षअखेरीस सोबती पांगतात. जिव्हाळ्याने पुसलेला क्रमांक निकालपत्रक पुन्हा लिहिते.

एक उणीव मात्र नोंदवावयास हवी. सर्व निवेदन जोशीच्या मुखातून येत असल्याने मुलींची घरे बाहेरूनच दिसतात. या व्यवहारात सर्वांत अधिक गमावण्याजोगे शिरोडकरपाशीच होते. ती गाव सोडून जाते, आणि तिच्या घरात कोणते शब्द उच्चारले गेले हे वाचकास कधीच कळत नाही. निवेदनतंत्राची ही अपरिहार्य मर्यादा आहे असे म्हणता येईल. परंतु मुलांच्या टोळीला बोली मिळाली आणि मुलींच्या वाट्यास केवळ आडनावे आली, ही विषमता लेखकाची की त्या समाजाची, हा प्रश्न अभ्यासकाने टाळू नये.