रक्तपरीक्षेचे 'भाकीत'

फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी काही रुग्णांत रोग पुन्हा उलटतो. तो कोणाच्या बाबतीत उलटेल, हे रक्तपरीक्षेने आधीच सांगता येते, असे प्रतिपादन अलीकडे होऊ लागले आहे. त्याचा एक प्रमुख आधार म्हणजे ब्रिटनमधील 'ट्रेसरएक्स' प्रकल्पाचे 'नेचर' या नियतकालिकात २०१७ व २०२३ साली प्रसिद्ध झालेले निबंध होत. त्यांतून नेमके काय सिद्ध होते आणि मराठवाड्यातील रुग्णाच्या दृष्टीने त्याचे मोल काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कर्करोगाच्या पेशी मरताना आपल्या डीएनएचे तुकडे रक्तात सोडतात. रक्तात पेशीबाह्य न्यूक्लिइक आम्ले असतात, हे मांडेल व मेते यांनी १९४८ सालीच दाखविले होते. अ‍ॅबॉश, स्वाँटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ च्या निबंधात शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीतील उत्परिवर्तने वाचून, त्याच खुणा त्या त्या रुग्णाच्या रक्तद्रवात शोधल्या. रोग उलटलेल्या १४ रुग्णांपैकी १३ जणांत त्या सापडल्या. रोग न उलटलेल्या १० जणांपैकी एकातही त्या आढळल्या. प्रतिमाचित्रणाने रोग निश्चित होण्यापूर्वीचे मध्यक अंतर ७० दिवसांचे होते. ही कामगिरी निःसंशय मोलाची आहे.

तथापि तिला 'भाकीत' म्हणणे कितपत युक्त आहे? भाकीत हे जे अद्याप घडलेले नाही त्याविषयी असते. ही परीक्षा मात्र शरीरात आधीच उरलेल्या रोगाची चाहूल घेते. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. भाकिताचा नकार म्हणजे अभयवचन, अशी सामान्य माणसाची समजूत होते. चाहूल न लागणे म्हणजे तेथे कोणी नाही, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

निबंधांतील आकडे हेच सांगतात. २०२३ च्या निबंधात १९७ रुग्णांचे १,०६९ नमुने तपासले गेले. पुढे ज्यांचा रोग उलटला, त्यांपैकी केवळ ४९ टक्के रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरच्या १२० दिवसांत खुणा सापडल्या होत्या. म्हणजे सुमारे निम्म्या रुग्णांना पहिल्या परीक्षेने निर्धास्त केले असते. रोगाच्या प्रकारानुसारही फरक पडतो. २०१७ च्या निबंधात शस्त्रक्रियेपूर्वी शल्कपेशीय कर्करोगाच्या ३१ पैकी ३० रुग्णांत खुणा मिळाल्या, तर ग्रंथीय कर्करोगाच्या ५८ पैकी अवघ्या ११ जणांत. धूम्रपान न करणाऱ्यांत प्रामुख्याने हा दुसरा प्रकार आढळतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

दुसरा प्रश्न मिळालेल्या अवधीच्या उपयोगाचा. मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या अवस्थेतील कर्करोगाविषयी ऑस्ट्रेलियातील 'डायनॅमिक' प्रयोगाने २०२२ साली दाखविले, की रक्तपरीक्षेच्या आधारे निर्णय घेतल्यास पूरक रसायनोपचार घेणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येते आणि तरीही रोग उलटण्याचे प्रमाण लक्षणीय वाढत नाही. फुप्फुसाच्या बाबतीत, परीक्षेच्या निष्कर्षानुसार उपचार बदलल्याने आयुष्य वाढते, असा निर्णायक यादृच्छिक पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. उपायाविना आधी कळलेली वार्ता रुग्णाच्या आयुष्यात दिवसांची नव्हे, चिंतेची भर घालण्याचा संभव आहे.

या निष्कर्षांचे मोल छत्रपती संभाजीनगर येथे ठरवावयाचे, तर आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ही परीक्षा शस्त्रक्रिया झालेल्यांसाठीच आहे. आणि भारतात फुप्फुसाचा कर्करोग बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळल्यावर उघडकीस येतो. खोकला, वजन घटणे, क्ष-किरणचित्रावरील छाया ही लक्षणे क्षयरोगातही दिसत असल्याने प्रथम क्षयावरील उपचार होऊन मोलाचे महिने जातात. येथील शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे दूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णास ७० दिवस आधी सूचना मिळण्यापेक्षा रोगाचे मूळ निदान वेळेवर होणे अधिक हिताचे आहे.

म्हणून या संशोधनाचा अव्हेर करावा, असे मुळीच नाही. काढलेल्या गाठीच्या ऊतीचे नीट जतन, शस्त्रक्रियेनंतरची नियमित तपासणी आणि तिची नोंद, या गोष्टी परीक्षेचा खर्च आवाक्यात येण्यापूर्वीही करता येण्याजोग्या आहेत. किंबहुना त्यांवाचून ती परीक्षा निरर्थक ठरेल. परीक्षेचा होकार सावध करणारा आहे. तिचा नकार मात्र रुग्णास तपासणीतून मुक्त करीत नाही. एवढा विवेक राखला, तर या शोधाची योग्य ती कदर होईल.