मेघियाचे आम्रवन आणि आपली शिबिरे

शिबिराहून परतलेल्या उपासकांचे एक गाऱ्हाणे खांदा कॉलनीत वारंवार कानी पडते. दहा दिवस मन शांत होते. घरी आल्यावर मात्र आठवडाभरात कर्जाचे हप्ते आणि मुलांचे प्रवेश यांच्या धबडग्यात ती शांती विरून गेली. यावर आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली आहेत. साधना कमी पडली, पुन्हा जा, हे एक. हे सारे पलायन आहे, हे दुसरे. दोन्ही घाईची आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उदानातील मेघियसुत्त येथे उद्बोधक ठरते. चालिका येथे मेघिय भगवंतांचा उपस्थाक होता. किमिकाळा नदीकाठचे रम्य आम्रवन पाहून त्याला तेथे एकांतात साधना करावीशी वाटली. आपण एकटे असल्याने दुसरा भिक्खू येईपर्यंत थांबावे, असे भगवंतांनी सुचविले. तरीही तिसऱ्यांदा विनंती करून तो गेलाच. त्या रम्य वनात त्याच्या मनात काम, व्यापाद आणि विहिंसा हेच वितर्क उसळले. परतल्यावर त्याला चेतोविमुक्ती परिपक्व करणाऱ्या पाच गोष्टी सांगण्यात आल्या. त्यांत पहिली कल्याणमित्रता, दुसरी शील, तिसरी चित्त मोकळे करणारी धम्मचर्चा. पुढे वीर्य आणि प्रज्ञा. आनापानसती येते ती या पाचांवर स्थिर झाल्यानंतर.

सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात शिबिरांना आरंभ केला; इगतपुरीच्या धम्मगिरीवर ती १९७६ पासून भरतात. तेथे प्रथम शील, मग आनापान, चौथ्या दिवसापासून विपश्यना आणि दहाव्या दिवशी मैत्री असा क्रम असतो. शीलाला अग्रस्थान आहे, हे सुत्ताशी सुसंगतच. परंतु आर्यमौनामुळे साधकांची आपसांतील चर्चा दहाव्या दिवसापर्यंत बंद असते. हा दोष नव्हे, ती मर्यादा होय. आठवड्यातून एकदा सामूहिक साधना करावी, असे शिबिरातही सांगितले जातेच. आपण ते ऐकतो आणि पुढच्या शिबिराची तारीख विचारतो!

पलायनाचा आक्षेपही तपासून घ्यावा लागेल. इच्छानंगल येथे भगवंत स्वतः तीन महिने पटिसल्लानात, म्हणजे एकांतवासात, होते. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात भिक्खू हा परिपूर्ण मानव की समाजसेवक, असा प्रश्न मांडला. ध्यानाला त्यांनी बाद ठरविले नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो एकांताहून परतण्याच्या जागेवर घ्यावा. पालीत 'आराम' म्हणजे उपवन, संघाचे निवासस्थान. मराठीत 'आराम' म्हटले की विसावाच आठवतो. आपल्या कॉलनीतील उपासकाला रविवारी विहारात वंदना मिळते, व्याख्यान मिळते. मनात उसळलेला व्यापाद ज्याच्यापाशी मोकळेपणाने सांगावा, असा माणूस तेथे बसलेला असतो काय? मेघियाला परतून जायला तसा एक होता.