बाबूराव पेंटर यांचें पुस्तकर्म

नाट्यशास्त्रांत भरतानें नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे चार भेद केले आहेत. पैकीं पुस्त म्हणजे पर्वत, रथ, विमान, ढाल, ध्वज इत्यादिकांच्या कृत्रिम प्रतिकृति. बेलाचा लेप व वस्त्र यांपासून मुखवटे करण्याची रीतिहि तेथें दिली आहे. खरीं जड आयुधें नटास थकवितात, म्हणून तीं लाख, वेळू, कापड इत्यादिकांचीं करावीं, असा त्याचा व्यवहारी आदेश आहे.

या दृष्टीनें कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री ऊर्फ पेंटर (१८९०–१९५४) यांचें कार्य तपासण्याजोगें आहे. त्यांच्यावरील लेखनांत 'कलामहर्षि' हें बिरुद वारंवार येतें. गुणदोषविवेचन मात्र थोडें आढळतें.

आनंदराव पेंटर यांच्यासह त्यांनीं प्रथम नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. आनंदराव १९१६ सालीं वारले. पुढें बाबूरावांनीं स्वतः कॅमेरा सिद्ध करून महाराष्ट्र फिल्म कंपनी चालविली. रंगभूमीवर रंगविलेला पडदा हा संकेत असतो, व प्रेक्षक तो मान्य करतो. कॅमेरा तो संकेत मानीत नाहीं. हें ओळखून त्यांनीं सपाट पडद्यांच्या जागीं घडीव देखावे उभे केले. चित्राकडून पुस्ताकडे झालेलें हें संक्रमण हीच त्यांची खरी कामगिरी होय.

तथापि तिचें फळ सर्वत्र सारखें नाहीं. 'सैरंध्री' (१९२०) या मूकपटांतील कीचकवध इतका हुबेहूब वठला, कीं प्रेक्षक भयभीत झाले आणि तो भाग पुढें वगळावा लागला. अंकांत मरण प्रत्यक्ष दाखवूं नये, हा भरताचा निषेध येथें सार्थ ठरतो. वीररसाची जागा बीभत्सानें घेतली. उलट 'सावकारी पाश' (१९२५) मधील अंधुक प्रकाशांतली उदास झोपडी व रडणारा कुत्रा पाहणारांच्या स्मरणांत राहिला, कारण तेथें कौशल्य करुणरसाच्या सेवेंत होतें.

परंतु हा निर्णय आज ऐकीव पुराव्यावर द्यावा लागतो. कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले आहेत. मूळ ग्रंथ लुप्त व अवतरणें तेवढीं शिल्लक, अशी ही अवस्था आहे. अशा वेळीं संशोधक शिष्यशाखेकडे वळतो. दामले व फत्तेलाल याच कंपनींत तयार झाले, १९२९ सालीं 'प्रभात'च्या स्थापनेंत सहभागी झाले, आणि त्यांचा 'संत तुकाराम' (१९३६) सुदैवानें उपलब्ध आहे. तुकोबांस वैकुंठीं नेणारें त्यांतील विमान म्हणजे भरतोक्त पुस्तच होय. मात्र शिष्याच्या पाठांत गुरूचें किती व प्रक्षिप्त किती, हें सांगण्यास मूळ साधनें हवींत.

अमरानें 'पुस्त' म्हणजे लेपादि कर्म असा अर्थ दिला आहे. 'पुस्तक' जपणाऱ्या संग्राहकांनीं या जवळच्या शब्दाचीहि आठवण ठेवावी. जुन्या नाटकमंडळ्यांच्या पेट्यांत मुखवटे, लांकडी आयुधें, पडद्यांचीं रेखाटनें अद्याप सांपडण्याचा संभव आहे. पोथीप्रमाणेंच त्यांची नोंद स्थळ, धनी व निर्मितिकाल यांसह व्हावी. वाळवीस दोहोंतला भेद कळत नाहीं.