उत्तेजकविरोधी मोहीम आणि जनुकीय संशोधन : एक चिकित्सा

क्रीडाक्षेत्रातील जनुकीय संशोधनाची चर्चा आपल्याकडे बहुधा भविष्याच्या भयातून केली जाते. १९९८ मध्ये ली स्वीनी यांच्या प्रयोगशाळेतील बलदंड उंदीर, २००६ मध्ये थॉमस श्प्रिंगश्टाइन या जर्मन प्रशिक्षकाच्या खटल्यात उघड झालेला 'रेपॉक्सिजेन'विषयीचा पत्रव्यवहार, अशी उदाहरणे देऊन उद्याच्या कृत्रिम खेळाडूचे चित्र रंगविले जाते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे 'वाडा'ने, जनुकीय उत्तेजन २००३ पासूनच निषिद्ध ठरविले आहे. मात्र त्यासाठी शिक्षा झालेला एकही खेळाडू अद्याप जगापुढे आलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या संशोधनाचा खरा सामाजिक परिणाम अन्यत्र शोधावा लागतो. खेळाडूने काय केले, या प्रश्नाची जागा तो जन्मतः कसा आहे, हा प्रश्न घेऊ लागला आहे आणि हे स्थित्यंतर पुरेशा चर्चेविना घडत आहे.

या संशोधनाची जमेची बाजू प्रथम नोंदविणे न्याय्य ठरेल. टेस्टोस्टेरॉनचे बाह्य सेवन ओळखण्यासाठी लघवीतील टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचे गुणोत्तर पाहिले जाते. संशयाची मर्यादा पूर्वी ६ होती. २००५ मध्ये ती ४ वर आणली गेली. ही मर्यादा सर्व मानवांना सारखीच लागू पडते, असे त्यामागील गृहीतक होते. 'यूजीटी२बी१७' या जनुकावरील संशोधनाने त्यास तडा दिला. टेस्टोस्टेरॉन लघवीवाटे बाहेर पडण्यासाठी आवश्यक असलेले विकर या जनुकामुळे तयार होते. स्वीडनमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५ पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देण्यात आले. ज्यांच्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती नव्हत्या, त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के पुरुषांचे गुणोत्तर ४ ची मर्यादा ओलांडूच शकले नाही. याच गटाच्या आधीच्या अभ्यासात कोरियन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत दोन्ही प्रतींचा अभाव आढळला होता. स्वीडिश पुरुषांत हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास होते. म्हणजे तेच द्रव्य, तीच मात्रा, तरीही एकजण पकडला जातो आणि दुसरा निर्दोष ठरतो. 'समान नियम' म्हणून जे मिरविले जात होते, ते एका विशिष्ट लोकसमूहाच्या देहाचे सरासरी माप होते, हे येथे जनुकशास्त्रानेच दाखवून दिले.

यावर उपाय म्हणून २००९ पासून 'जैविक पारपत्र' आले आणि पुढे त्यात स्टेरॉइडविषयक नोंदीही समाविष्ट झाल्या. खेळाडूची तुलना इतरांशी न करता त्याच्याच पूर्वीच्या नोंदींशी करावयाची, हे तत्त्व उत्तम आहे. परंतु पूर्वीच्या नोंदी कोणाच्या असतात? ज्याची चाचणी वारंवार होते, त्याच्या. तालुका पातळीवरून थेट राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचलेल्या मुलाच्या बाबतीत त्याची पहिली चाचणी हाच त्याचा सारा इतिहास असतो.

'जे देहात सापडले, त्याची जबाबदारी खेळाडूची' या तत्त्वाची कठोरता महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. सलग तीनदा 'महाराष्ट्र केसरी' ठरलेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपूर्वी मेथँडिनोन आढळले. आपल्या अन्नपेयात ते कोणीतरी मिसळले, हा त्यांचा बचाव 'नाडा'च्या शिस्तपालन समितीने १ ऑगस्ट रोजी मान्य केला. 'वाडा'च्या अपिलावर क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट रोजी तो फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. या निकालाच्या योग्यायोग्यतेत येथे शिरावयाचे नाही. लक्षणीय बाब ही की, तेथे निदान 'हे माझ्या देहात बाहेरून आले' असे म्हणण्यास जागा होती. आरोपाचा आधार जेव्हा जनुक होते, तेव्हा ही जागाच उरत नाही.

स्त्री-खेळाडूंच्या बाबतीत हे घडून चुकले आहे. स्त्री-गटाची पात्रता आणि उत्तेजकविरोध हे विषय तत्त्वतः भिन्न आहेत. आपली वृत्तपत्रे मात्र त्यांची सर्रास गल्लत करतात आणि त्या गल्लतीतूनच जन्मजात वैशिष्ट्यास 'फसवणुकी'चा वास चिकटतो. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचे रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले. त्यांनी कोणतेही द्रव्य घेतले नव्हते. ओडिशाच्या द्युती चंद यांच्या बाजूने २०१५ मध्ये लवादाचा अंतरिम निर्णय लागला, तेव्हा हा प्रश्न निकाली निघाल्यासारखे वाटले होते. वस्तुतः गुणसूत्रांवर आधारित सरसकट चाचणीचा अनुभव घेऊन ऑलिम्पिक समितीने ती १९९९ मध्येच थांबविली होती. जनुकीय माहितीच्या आधारे खेळाडूंची निवड वा त्यांच्याबाबत भेदभाव करणे निरुत्साहित करावे, असे 'वाडा'च्या २००५ च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात नमूद आहे. त्यानंतर वीस वर्षांनी, १ सप्टेंबर २०२५ पासून, जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने स्त्री-गटासाठी 'एसआरवाय' जनुकाची चाचणी अनिवार्य केली. दोन संस्था वेगळ्या आहेत, हे खरे. पण गालाच्या आतील पेशींचा नमुना देणाऱ्या मुलीस त्या भेदाचा काय उपयोग?

शहापूर-मुरबाडसारख्या भागात हा प्रश्न अधिक बिकट रूप धारण करतो. येथील आश्रमशाळांतून कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली समाजाची मुले शिकतात आणि शालेय स्पर्धांत धावतात. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा आदिवासींच्या 'उपजत' दमाचे गोडवे गायले गेले. या कौतुकात त्यांच्या वर्षानुवर्षांच्या सरावाचे श्रेय रक्ताला दिले जाते, हे कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानीही येत नाही. आज जे रक्त गुणाचे कारण म्हणून दाखविले जाते, तेच उद्या संशयाचेही कारण होऊ शकते.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासी भागातील ही तपासणी आरोग्यदृष्ट्या आवश्यकच आहे. तथापि अतिश्रमाच्या प्रसंगी सिकलसेल वाहकांस धोका संभवतो म्हणून अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २०१० पासून खेळाडूंची अशी तपासणी सुरू केली, हेही ध्यानात घ्यावे. तेथे तिच्या जोडीला वैद्यकीय देखरेख आहे. आपल्याकडे वाहक असलेल्या मुलीचे कार्ड पाहून तिला पाणी, विश्रांती आणि योग्य सराव देण्याऐवजी संघातून वगळणेच एखाद्या शिक्षकास सोपे वाटेल. अशा भेदभावास प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. अमेरिकेत नोकरी व आरोग्यविम्यापुरता तरी तो २००८ पासून आहे. डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराविषयीचे २०१९ चे विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतले. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने 'नाडा'स वैधानिक दर्जा मिळाला, परंतु जनुकीय माहितीचा प्रश्न त्याने सोडविलेला नाही.

चाचणीच्या अर्जात उरलेला नमुना संशोधनासाठी वापरण्यास खेळाडूची संमती आहे किंवा नाही, हे नोंदविण्याची एक चौकट असते. मैदानाच्या कडेला, धाप लागलेल्या अवस्थेत, पालक दूर पाड्यावर असताना त्या चौकटीचा अर्थ सोळा वर्षांच्या मुलीस मराठीतून कोणी समजावून सांगावयाचा? तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचे पाणी मुंबईस जाते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. नमुन्यांचेही तसेच होऊ नये, अशी अपेक्षा असेल तर महाविद्यालयांच्या क्रीडाविभागांनी आपल्या खेळाडूंना ती चौकट दाखविण्यापासून आरंभ करावयास हवा. तिच्यात 'नाही' अशी खूण करण्याचा अधिकार खेळाडूस आहे, हे आपल्यापैकी किती प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले आहे?